नानांची फिरती पाटी

नाना मेस्त्रींचं नाक कामगारांच्या सबंध कॅम्पात बदनाम होतं. डाळीत केस निघाला तर बाकीची माणसं तो बाजूला काढून जेवत. नाना मात्र ताटावरून उठत आणि रात्रीपर्यंत उपाशी राहत. दुसऱ्याच्या चपलेत चुकून पाय गेला की ते नळाकडे धावत. पाण्याच्या कूलरला साखळीनं बांधलेला एक स्टीलचा ग्लास होता आणि सगळा कॅम्प त्याला तोंड लावी. नानांनी त्या ग्लासाकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचा पितळेचा तांब्या कुडाळहून आलेला होता, त्यावर वाटी उपडी घातलेली असे, आणि त्या तांब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. नुसता 'उष्टं' हा शब्द ऐकला तरी त्यांचं तोंड वाकडं होई. ह्यात जातीधर्माचा काही संबंध नव्हता. सख्ख्या भावाच्या ग्लासानंही ते पाणी प्यायले नसते. त्यांची बायको तुळसाबाई तर सांगायची की लग्नात घास भरवताना ह्या माणसानं माझी बोटंसुद्धा ओठांना लागू दिली नाहीत.

अशा माणसानं पोटासाठी यावं कुठं, तर सौदीतल्या दम्मामबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, तेलकट, घामट, रॉकेलनं हात धुणाऱ्या माणसांच्यात. रसायनं वाहून नेणाऱ्या एका कंपनीचं तिथं वर्कशॉप होतं. टँकरचं पत्राकाम, वेल्डिंग आणि रंगकाम नाना बघत. अठरा वर्षं झाली होती. काम मात्र देखणं. त्यांनी ओढलेल्या रंगाच्या पट्टीला कुठं थेंब ओघळलेला दिसायचा नाही, आणि दुसऱ्याचं गचाळ वेल्डिंग पाहिलं की त्यांना डाळीतल्या केसाइतकीच शिसारी येई.

खोलीत त्यांच्या शेजारचा पलंग ताजुद्दीनचा. खेडकडचा, टँकरचा ड्रायव्हर, वयानं नानांहून बराच लहान, आणि नानांना चिडवण्यात पटाईत. शुक्रवारी दोघं कतीफच्या मासळीबाजारात जात. नाना मासळीचे कल्ले उघडून वास घेत आणि विक्रेत्यानं कितीही शपथा घेतल्या तरी पुढं चालू लागत. ताजुद्दीन मागून ओरडे, "ओ नाना, मासळी घ्यायचीय, सोयरीक जुळवायची नाय!" रांधायचं काम ताजुद्दीनचं. त्याच्या हातचं कालवण नाना चवीनं खात, पण स्वतःच्या ताटात, स्वतःच्या चमच्यानं. ताजुद्दीननं एकदा गमतीनं आपल्या ताटातला तुकडा त्यांच्या ताटात टाकला, तर नानांनी ते अख्खं ताट मांजराला घातलं. ताजुद्दीन त्यावर आठवडाभर हसत होता.

तर अशा ह्या नानांच्या हातून एक काम झालं, आणि ते काम मूळचंच घाण होतं.

ॲसिडाच्या टँकरवर एक पाटी लागते. टोकावर उभा केलेला चौकोन, त्यात खूण आणि आकडा. आत काय आहे ते, अपघात झाल्यावर धावत येणाऱ्या माणसाला लांबूनच कळावं म्हणून. ती पाटी सगळ्या रस्त्यांवर, सगळा वेळ दिसली पाहिजे, असा रियाधच्या वाहतूक खात्याचा नियम. महामार्गावर गस्तीची गाडी उभी असे आणि पाटी नसलेला टँकर बाजूला घेई. पण हफ्र अल बातिनच्या वाटेवर एक गाव होतं. महामार्ग त्या गावाच्या बाजारातूनच जाई. तिथल्या बलदियानं, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेनं, आपला वेगळा नियम काढला: असली पाटी लावलेलं वाहन गावात येणार नाही, वाळवंटातल्या कच्च्या रस्त्यानं वळसा घालून जाईल. त्या वळशात अर्धा दिवस मोडे. वरून हुकूम की पाटी दाखवा, खालून हुकूम की पाटी दिसली तर आत पाऊल टाकू नका.

कंपनीपुढं दोन सरळ वाटा होत्या. वळसा घालायचा, नाहीतर रियाधला जाऊन विचारायचं की ह्या दोन नियमांतला खरा कुठला. कंपनीनं तिसरीच वाट काढली, आणि ती घेऊन सुमीतसाहेब वर्कशॉपात आले.

सुमीतसाहेब पुण्याचे. रियाधला अल मलाझमध्ये कंपनीचं ऑफिस होतं, तिथं ते ऑपरेशन्स बघत. महिन्याकाठी दम्मामला येत. कडक इस्त्रीचा शर्ट, कापलेली गुलाबी नखं, रुमालाला मंद अत्तर. खरं सांगायचं तर सबंध कंपनीत नानांना मनापासून आवडणारा तो एकच माणूस होता, आणि तोही केवळ त्याच्या नखांमुळं.

"नाना," साहेब म्हणाले, "पाटी फिरती करता येईल का? म्हणजे ड्रायव्हरला खाली उतरायला नको. केबिनमधून ओढलं की फिरली."

"फिरात की. तेका काय लागता?" नाना म्हणाले. "दुसऱ्या बाजूक काय लिवचा?"

"पाणी. निळा थेंब काढा आणि खाली अरबीत 'पाणी'. त्या गावात पाण्याचे टँकर रोज जातात, कोणी बघतसुद्धा नाही."

नानांचं नाक वर चढलं. "ॲसिडाच्या गाडयेर पाणी लिवचा?"

"गावाच्या हद्दीपुरतं हो, नाना. गाव संपलं की परत सरळ. रूल्स दोन्हीकडचे पाळले जातात."

नाना पुढं काही बोलले नाहीत. त्यांची खोडच ती. नाक मुरडून झालं की त्यांना वाटे, आपण आपलं म्हणणं मांडलं. त्यांनी पाटीला मधोमध दांडी घातली, मागं खटका बसवला, टँकरच्या अंगाखालून केबल नेली आणि ड्रायव्हरच्या आसनाशेजारी एक छोटा दांडा लावला. दांडा ओढला की पाटी गर्रकन फिरे आणि टक् आवाज करून बसे. निळा थेंब त्यांनी इतका सुबक काढला होता की पाहणाऱ्याला तहान लागावी. त्या दिवशी त्यांनी हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले आणि जेवणावर पाणी सोडलं. पण दुसऱ्या दिवशी ते पुढच्या टँकरला पाटी बसवायला लागले, हेही तितकंच खरं. होता होता सगळ्या टँकरना पाट्या झाल्या.

"ओ नाना, पाटी काय फिरते!" ताजुद्दीन म्हणायचा. "लोण्यासारखी. महामार्गावर मी ॲसिडवाला, बाजारात मी पाणीवाला."

दोन वर्षं हे असंच चाललं. गस्तीवाल्याला पाटी दिसत होती म्हणून तो खूश. बलदियाच्या माणसाला ती दिसत नव्हती म्हणून तोही खूश. पाटीमागच्या टाकीत काय आहे ह्याची चौकशी दोघांपैकी कुणालाच करायची नव्हती. कायदा राबवणं म्हणजे पाटी बघणं, इतकाच त्यांचा धर्म. कंपनीनं हे बरोबर ओळखलं होतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, त्या गावच्या बाजारातल्या चौकात मेंढ्या भरलेली एक पिकअप ताजुद्दीनच्या आडवी आली. त्यानं टँकर वळवला, टँकर कडेच्या कठड्यावर कलंडला, मागचा व्हॉल्व्ह तुटला आणि ॲसिड रस्त्यावर धावू लागलं. ताजुद्दीन केबिनमध्ये अडकला होता.

ही सगळी हकीकत नानांना त्यानंच सांगितली, दम्मामच्या इस्पितळात. दाराशी खुर्ची टाकून पोलीस बसला होता. नाना नाकाला रुमाल लावून आत गेले आणि पलंगापासून चार हात लांबच उभे राहिले. ताजुद्दीनच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, त्यांच्या कडांनी पिवळा द्रव झिरपत होता. गालाची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटली होती. नानांनी रुमाल नाकावर आणखी दाबला.

"नाना आले काय?" ताजुद्दीन म्हणाला. "साबणाचा वास आला."

"आयलंय."

"लोकं धावून आली ओ मदतीला. कशाला नाय येणार? पाण्याचा टँकर! इंजिनातून धूर येत होता. बंबवाले आले आणि त्यांनी पाण्याचा फवारा धरला. मी आतून बोंबलतोय, मोया ला, मोया ला, पाणी नको! ते पाटीकडे बघतायत नि माझ्याकडे बघतायत. त्यांना वाटलं, ड्रायव्हर घाबरून बडबडतोय. ॲसिडावर पाणी पडल्यावर काय होतं ते मी तुम्हाला सांगत नाय. त्यातले दोन बंबवालेपण भाजलेत."

"डोळे?"

"उजेड कळतो. डॉक्टर म्हणतात, इतकाच कळेल."

मग ताजुद्दीन हळू आवाजात म्हणाला, "सुमीतसाहेब येऊन गेले. मला म्हणाले, पाटी तू फिरवलीस. मी म्हटलं, हो, मीच फिरवली, पण दांडा तुम्हीच दिलात ना? तर म्हणाले, कुठला दांडा?"

दाराशी बसलेल्या पोलिसाचा अर्थ नानांना आत्ता कळला. गुन्हा ठरेपर्यंत ताजुद्दीन देश सोडू शकत नव्हता, आणि गुन्हा त्याच्याच माथी मारायचं ठरलं होतं. पाटी ड्रायव्हरची, दांडा ड्रायव्हरचा, लबाडी ड्रायव्हरची. आंधळा माणूस इथल्या तुरुंगात जाणार होता. नाना बाहेर आले आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओकले. ती ओकारी पट्ट्यांची नव्हती.

दोन दिवसांनी साहेब वर्कशॉपात आले. शर्ट तसाच कडक, अत्तरही तेच. रियाधच्या खात्याचा इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डातले टँकर बघायला येणार होता.

"दांडे कापा, केबली काढा, पाट्या वेल्ड करून टाका," साहेब म्हणाले. "फोरमनला सांगितलंय मी, मुनाफला. आज रात्रीच्या आत."

"आणि ताजुद्दीन?"

साहेबांनी नानांना समजावून सांगितलं, अगदी प्रेमानं, मुलाला गणित समजवावं तसं. रस्त्यावरच्या घातक मालाचा कायदा रियाधचा. बलदियाला त्यात नाक खुपसायचा अधिकारच नाही. वरचा नियम असताना खालचा नियम टिकत नाही, तो पहिल्यापासून शून्य. तेव्हा गावात शिरलो हा गुन्हाच नाही. राहिला एकच गुन्हा, पाटी झाकल्याचा. तो कंपनीनं केला की ड्रायव्हरनं, एवढाच प्रश्न.

"म्हणजे गावाचो तो नियम खोटो होतो?" नानांनी विचारलं.

"लीगली, हो. आमच्या वकिलानं दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

"मग तेव्हाच रियाधाक जावन सांगाचा होता! पाटी उघडी ठेवन गेलो असतो बाजारातसून!"

"कोण भांडत बसणार, नाना? केस करा, तारखा घ्या. त्यापेक्षा बोर्ड फिरवला की काम होतं."

नाना त्या गुलाबी नखांकडे बघत राहिले. ज्या नियमाच्या भीतीनं दोन वर्षं पाट्या फिरवल्या, तो नियमच नव्हता म्हणे. आणि हे ह्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नानांनी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली होती. तुंबलेले संडास पाहिले होते, झुरळं पडलेले भात पाहिले होते. पण अत्तर लावलेली घाण त्यांनी पहिल्यांदाच पाहिली, आणि तिला आपण इतके दिवस स्वच्छ समजत होतो ह्याची त्यांना भयंकर किळस आली. त्याहून जास्त किळस स्वतःच्या हातांची आली. तो निळा थेंब त्याच हातांनी काढलेला होता.

नको म्हणण्यात अर्थ नव्हता. नाना अडले असते तर मुनाफनं दुसरा वेल्डर लावला असता आणि सकाळपर्यंत सगळं साफ झालं असतं. म्हणून नाना मुकाट्यानं कामाला लागले. मुनाफ त्यांच्या मागं मागं फिरत होता. तो मंडणगडचा. त्याला हे काम पसंत होतं असं नाही, पण त्याच्या इकाम्यावर, म्हणजे कंपनीनं काढून दिलेल्या राहण्याच्या परवान्यावर, बायकोमुलं इथं राहत होती आणि तो खाली मान घालून उभा राही. नानांचं काम तपासायची मात्र त्याला कधी गरज वाटली नव्हती, आणि त्याही दिवशी त्यानं ते तपासलं नाही. शेवटच्या टँकरची पाटी नानांनी वेल्ड केली नाही. सांध्यांत पुट्टी भरली, घासली, वर रंग मारला. दांडा कापला, पण केबल आतच ठेवली आणि तिचं टोक केबिनमधल्या चटईखाली सारलं. अठरा वर्षांत त्यांनी केलेलं ते एकमेव गचाळ काम.

इन्स्पेक्टर सकाळी आला. बुटका, कंटाळलेला माणूस. उन्हात डोळे बारीक करून प्रत्येक पाटीवर टकटक करी आणि पुढं सरके. मुनाफ त्याला अरबीत सांगत होता, साहेब मुनाफला इंग्रजीत पुरवत होते. सगळ्या पाट्या पक्क्या, ताजुद्दीननं मात्र आपल्या गाडीला परस्पर भलतंच खेळणं बसवून घेतलं होतं, कंपनीला त्याची कल्पनाच नव्हती. शेवटच्या टँकरवरही इन्स्पेक्टरनं टकटक केली. समाधानानं मान हलवून तो चहाकडे वळणार, इतक्यात नाना केबिनमध्ये चढले.

"नाना, खाली उतरा," साहेब म्हणाले.

नानांनी चटई उचलली, पकडीत केबलचं टोक धरलं आणि सगळा जोर लावून ओढलं. पुट्टी तडकली, तिचे तुकडे इन्स्पेक्टरच्या बुटांवर पडले. पाटी गर्रकन फिरली आणि टक् करून बसली. लख्ख निळा थेंब, आणि खाली 'पाणी'.

इन्स्पेक्टरनं त्या थेंबाकडे पाहिलं, मग मुनाफकडे. हे कुणी केलं, असं त्यानं विचारलं असणार. मुनाफ आपल्या बुटांकडे बघत राहिला. तेव्हा नाना खाली उतरले आणि कॅम्पातल्या मोडक्यातोडक्या अरबीत, छातीवर हात आपटून म्हणाले, "अना सव्वी." मी केलं. मग तोच हात त्यांनी इस्त्रीच्या शर्टाकडे केला. "मुदीर कलाम." साहेबांनी सांगितलं.

साहेब हसले. म्हातारा उन्हानं बहकलाय, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हणाले. पण आता इन्स्पेक्टरनंच मुनाफच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुनाफनं मान वर न करता होकार दिला.

इन्स्पेक्टर गेल्यावर साहेब नानांजवळ आले. त्यांचा आवाज अजून मऊच होता. "काय मिळवलंत, नाना? तुमचा इकामा आमच्या हातात आहे."

"हात धुवा, साहेब," नाना म्हणाले. "हातांक वास येता तुमच्या."

ताजुद्दीन सुटला. दाराजवळची खुर्ची उचलली गेली. पुढं जे झालं ते सांगायलाही जीभ विटते. कंपनीला दंड झाला, कंपनीनं तो भरला, आणि सुमीतसाहेब अल मलाझमध्येच राहिले. वकिलाचं म्हणणं रियाधनं मान्य केलं. गावाचा नियम अधिकाराबाहेरचा ठरून रद्द झाला. म्हणजे ज्या गावचे दोन बंबवाले भाजले, त्या गावच्या हातात टँकर अडवायला काहीच उरलं नाही, आणि कंपनीचं ॲसिड भर बाजारातून दिवसाढवळ्या जाऊ लागलं. फरक इतकाच की आता पाटी खरी होती, आणि दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेली.

नानांच्या पासपोर्टावर कायमचं परत जाण्याचा, खुरूजचा शिक्का बसला. ताजुद्दीनच्याही. "खलास," असं म्हणून ऑफिसातल्या माणसानं दोन्ही पासपोर्ट एकदमच टेबलावर टाकले. मुनाफ विमानतळावर सोडायला आला होता, पण गाडीतून उतरला नाही.

विमानात जेवण आलं. ताजुद्दीनची पट्टी निघाली होती, काळा चष्मा होता, आणि त्याखालून अजून थोडं पाणी गळत होतं. त्याचे हात ट्रेवर चाचपडत होते. भातात बोटं गेली, दह्याची वाटी लवंडली.

"राहू द्या ओ," तो म्हणाला. "मला भूक नाय."

नानांनी त्याचा ट्रे आपल्याकडे ओढला. भात कालवला, हातानंच, चमचा न घेता, आणि घास त्याच्या तोंडाशी नेला. ताजुद्दीन चमकला. फाटलेल्या ओठांतून अर्धा घास आत गेला, अर्धा नानांच्या बोटांवर राहिला. नानांनी त्याच्या गालावरचं पाणी आपल्या रुमालानं टिपलं, त्याच नाकाला लावायच्या रुमालानं.

"नाना, हात धुवून या," ताजुद्दीन हळूच म्हणाला. त्याला चिडवायचं होतं, पण आवाज तसा निघाला नाही. "उष्टं लागलं असेल."

नानांनी बोटांकडे पाहिलं. उरलेला घास तिथंच होता.

"गप जेव," ते म्हणाले, आणि तो घास त्यांनी आपल्या तोंडात घातला.